टी पेशी नाहीत, बी पेशी ९३ टक्के: असा अहवाल जनुकापर्यंत कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीचा मुलगा साडेचार महिन्यांचा. दोनदा न्यूमोनिया झाला, तोंडातली पांढरी बुरशी औषधाला दाद देत नाही, वजन वाढत नाही. एकूण पांढऱ्या पेशी ५,८००, त्यात लिम्फोसाइट (टी, बी आणि एनके पेशी मिळून) १२ टक्के. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरच्या खुणा बघून त्यांचे प्रकार मोजणारी तपासणी, थोडक्यात ‘फ्लो’) सीडी३ म्हणजे टी पेशी २ टक्के, सीडी१९ म्हणजे बी पेशी ९३ टक्के, सीडी१६/५६ म्हणजे एनके पेशी १ टक्का. डॉक्टर म्हणतात, जनुकात दोष आहे, बोन मॅरो प्रत्यारोपण करावं लागेल. मामांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. बोन मॅरो चांगला असेल तर पेशी जातात कुठे? एका जनुकामुळे दोन प्रकारच्या पेशी कशा नाहीशा होतात? बी पेशी ९३ टक्के म्हणजे जास्त झाल्या का? आणि प्रत्यारोपण करायचंच असेल तर जनुक तपासणीवर पैसे का घालायचे?

बाळाला न तपासता निदान करता येत नाही, तेव्हा पुढचं सगळं या आकड्यांवरून केलेलं वाचन समजा. पण हे आकडे बरंच बोलतात. ते ज्या आजाराकडे बोट दाखवतात त्याचं नाव एससीआयडी, म्हणजे जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसणं.

आधी टक्के बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष संख्या काढा. ५,८०० चे १२ टक्के म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये ६९६ लिम्फोसाइट. या वयाच्या बाळात त्या चार हजारांच्या वर असतात. तीन हजारांच्या खाली गेल्या की आम्ही मोजणी पुन्हा करायला सांगतो आणि फ्लो लावतो. बऱ्याच लॅब अहवालावर मोठ्या माणसाची १,००० ते ४,००० ही मर्यादा छापतात, त्यामुळे १,५०० लिम्फोसाइट असलेलं बाळ ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातं. इथे ६९६ चे २ टक्के म्हणजे टी पेशी १४, ९३ टक्के म्हणजे बी पेशी ६४७, आणि एनके पेशी ७. टी पेशी या वयात अडीच हजारांच्या पुढे हव्यात. म्हणजे बी पेशी वाढलेल्या नाहीत. बाकीच्या गेल्या म्हणून त्यांचा टक्का फुगलेला दिसतो. त्यांची संख्या वयाच्या मानाने खालच्या बाजूलाच आहे, पण त्या आहेत, आणि निदानाला हीच गोष्ट उपयोगी पडते.

आता पेशी जातात कुठे. ‘प्रतिकारशक्ती कमी’ या शब्दांत खरा प्रश्न हरवतो. मॅरोमधल्या मूळ पेशींपासून लिम्फोसाइटच्या पूर्वज पेशी बनतात, त्यांतल्या काही छातीतल्या थायमस ग्रंथीत जाऊन टी पेशी होतात. या वाटेवर पेशीचं मरण आधीच ठरलेलं असतं. जगायचं असेल तर टप्प्याटप्प्यावर परवानगी मिळावी लागते, आणि ती परवानगी जनुकं देतात. तुमच्या भाच्याचा मॅरो पूर्वज पेशी बनवतो आहे. त्या पुढच्या टप्प्यावर मरताहेत. कुठल्या टप्प्यावर, ते कुठल्या पेशी उरल्या आहेत यावरून कळतं.

टी पेशीच्या वाटेवरची पहिली मोठी परवानगी इंटरल्यूकिन-७ या प्रथिनाची. थायमसमधल्या आधार पेशी ते बनवतात. कोवळ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याचा रिसेप्टर असतो, त्याच्या दोन साखळ्या: अल्फा आणि गॅमा. अल्फाला आतल्या बाजूने जॅक-१ हे एन्झाइम चिकटलेलं असतं, गॅमाला जॅक-३. इंटरल्यूकिन-७ बसलं की दोन्ही साखळ्या जवळ येतात, ही दोन एन्झाइमं एकमेकांना जागं करतात आणि स्टॅट-५ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. स्टॅट-५ केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करतं, त्यांतलं महत्त्वाचं बीसीएल-२. बीसीएल-२ मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर बसून बॅक्स आणि बॅक या दोन मारक प्रथिनांना धरून ठेवतं. ते नसेल तर पडद्याला भोकं पडतात, सायटोक्रोम-सी बाहेर गळतं, कॅस्पेज एन्झाइमं सुरू होतात आणि पेशी स्वतःलाच आतून मोडते. दाह होत नाही, पू होत नाही, आसपासच्या पेशी अवशेष गिळून टाकतात. म्हणूनच मॅरो तपासला तरी काही बिघडल्याचं दिसत नाही.

इंटरल्यूकिन-७ चा हा सिग्नल पेशीला ‘तू टी पेशी हो’ असं शिकवतो की फक्त जिवंत ठेवतो, यावर पूर्वी वाद होता. १९९७ मध्ये उंदरांवर याचं उत्तर मिळालं. इंटरल्यूकिन-७ चा रिसेप्टर नसलेल्या उंदरांच्या पेशींत बीसीएल-२ बाहेरून चालू ठेवलं, तर टी पेशी बऱ्याच अंशी परत आल्या. म्हणजे निदान टी पेशींपुरतं तरी मुख्य काम जगवण्याचं. उंदरांच्या बी पेशी मात्र तेवढ्याने परतल्या नाहीत. त्यांना या सिग्नलची वाढीसाठीही गरज असते. माणसाच्या बी पेशींचं इंटरल्यूकिन-७ वाचून अडत नाही, त्यामुळे तुमच्या अहवालात त्या उरल्या आहेत. उंदरांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावू नयेत, याचं हे चांगलं उदाहरण.

मग एनके पेशी का गेल्या? कारण गॅमा साखळी एकट्या इंटरल्यूकिन-७ ची नाही. २, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहा इंटरल्यूकिनांचे रिसेप्टर तीच साखळी वापरतात. गावातली एक डीपी जळाली की सहा गल्ल्या एकदम अंधारात जातात, तसं. ७ बंद पडलं म्हणून टी पेशी गेल्या, १५ बंद पडलं म्हणून एनके गेल्या. २१ बंद पडलं म्हणून बी पेशी जिवंत असूनही चांगली प्रतिपिंडं बनवू शकत नाहीत. त्यांना मदत करणाऱ्या टी पेशी नाहीत, आणि मदत आली तरी ती नीट ऐकायची सोय त्यांच्यात नाही.

टी नाहीत, बी आहेत, एनके नाहीत. या चित्राला प्रामुख्याने दोन जनुकं उरतात. गॅमा साखळीचं आयएल-२-आरजी, जे एक्स गुणसूत्रावर आहे, आणि जॅक-३, जे १९ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. मुलगा असल्यामुळे आधी संशय आयएल-२-आरजीवर. त्याला एकच एक्स असतो, त्यामुळे एक प्रत बिघडली की दुसरी सांभाळून घ्यायला नाही. जॅक-३ च्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, आई आणि वडील दोघांकडून एकेक. आपल्याकडे आते-मामे भावंडांत किंवा मामा-भाचीत लग्नं होतात, तिथे दोघांकडून तोच बदल येण्याची शक्यता वाढते. घराण्याचा तक्ता काढताना हे स्पष्ट विचारावं लागतं. आजोळी कुणी मुलगे तान्हेपणी गेले होते का, हेही विचारा. ‘निमोनियाने गेला’ एवढंच उत्तर बहुतेक वेळा मिळतं, पण असे दोन मुलगे आईच्या बाजूला निघाले तर एक्सवरचा संशय बळावतो.

याच अहवालात एनके पेशी भरपूर असत्या, तर आम्ही रिसेप्टरच्या अल्फा साखळीचं आयएल-७-आर हे जनुक किंवा सीडी३ च्या साखळ्यांची जनुकं आधी पाहिली असती.

टी आणि बी दोन्ही नाहीत पण एनके आहेत, असं चित्र असतं तर गोष्ट वेगळी. तिथे दुसरी परवानगी अडलेली असते. टी आणि बी पेशींना आपापला रिसेप्टर डीएनएचे तुकडे कापून-जोडून बनवावा लागतो. कापायचं काम रॅग-१ आणि रॅग-२ करतात. जोडताना मध्ये काही अक्षरं कमी-जास्त होतात, त्यामुळे तीनांपैकी साधारण एकच जोड वाचण्याजोगी जुळते. जोड जमली की कोवळ्या टी पेशीवर अर्धवट रिसेप्टर येतो, तो सिग्नल देतो आणि पेशी वाढते. नाही जमली तर दुसऱ्या गुणसूत्रावर प्रयत्न, तोही फसला तर मृत्यू. रॅगच नसेल तर कुणीच पास होत नाही. एनके पेशींना असा कापाकापीचा रिसेप्टर लागत नाही, म्हणून त्या वाचतात.

कापणं जमतं पण जोडणं जमत नाही, असंही होतं. आर्टेमिस, डीएनए लायगेज-४ वगैरे जनुकांच्या दोषात. फ्लोवर चित्र रॅगसारखंच दिसतं, पण इथे शरीरातल्या सगळ्याच पेशींना डीएनएचा दुहेरी तुकडा नीट सांधता येत नाही. अशा बाळाला विनाकारण सीटी स्कॅन करायचे नाहीत, आणि प्रत्यारोपणाआधीची किरणं किंवा बुसल्फानसारखी औषधं नेहमीच्या मात्रेत द्यायची नाहीत. जनुक तपासणीवर पैसे का घालायचे, याचं पहिलं उत्तर हे.

तिन्ही प्रकारच्या पेशी जवळजवळ शून्य असतील तर एडीए एन्झाइम लगेच मोजतात. ते नसेल तर डीऑक्सिअॅडेनोसिन साठतं, त्याचं डीएटीपी बनतं, आणि डीएनए बांधायला लागणारा कच्चा माल तयार होणं थांबतं. लिम्फोसाइट सगळ्यांत आधी मरतात. इथे पेशीला कुणी परवानगी नाकारलेली नसते, तिला विष चढलेलं असतं. म्हणून एन्झाइमची इंजेक्शनं देऊन प्रत्यारोपणापर्यंत वेळ काढता येतो. बाकीच्या दोषांत अशी सोय नाही.

आणि दोष पेशीत नसून थायमसमध्येच असेल तर? फॉक्सएन-१ या जनुकाच्या दोषात, किंवा २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या काही थोड्या बाळांत थायमस तयारच होत नाही. अशा बाळाला दुसऱ्याचा मॅरो दिला तरी नव्या पेशींना घडायला जागा नाही. त्यांना थायमसच्या ऊतीचं प्रत्यारोपण लागतं. जनुक न बघता प्रत्यारोपण केलं तर सगळ्यांत मोठी चूक इथे होऊ शकते.

जगण्याची परवानगी जास्त झाली तरी आजारच. काम संपलेल्या टी पेशींना फॅस या रिसेप्टरमधून मरणाचा आदेश मिळतो. फॅस बिघडलं की त्या साठतात, गाठी आणि प्लीहा वाढतात, शरीर स्वतःच्याच रक्तपेशी मोडतं. तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध नाही, पण जनुकोपचाराशी आहे. गॅमा साखळीचं चांगलं जनुक विषाणूच्या मदतीने बाळाच्या मूळ पेशींत घालण्याचा प्रयोग पॅरिसमध्ये १९९९ मध्ये सुरू झाला. टी पेशी आल्या, पण काही मुलांत विषाणू एलएमओ-२ या जनुकाजवळ जाऊन बसला, ते सतत चालू राहिलं आणि ल्युकेमिया झाला. नंतरच्या प्रयोगांत जनुक आत नेणारे विषाणू बदलले, शेजारच्या जनुकांना चेतवणारा भाग काढून टाकला. तरी तुमच्या भाच्यासाठी आज हाताशी असलेला खात्रीचा मार्ग प्रत्यारोपणाचाच.

आता या बाळापुरतं जनुक तपासणीचं उत्तर. चित्र इतकं स्पष्ट असताना प्रत्यारोपणाची तयारी जनुकाच्या अहवालासाठी थांबवू नये. भावंडं असतील तर एचएलए तपासणी (दाता जुळतो का ते बघणारी) आजच पाठवा. पण दोन निर्णयांना अहवाल लागतो. आयएल-२-आरजी किंवा जॅक-३ चा दोष असेल तर बाळाच्या स्वतःच्या बी पेशी मुळातच अधू असतात. आधी किमोथेरपीची औषधं न देता मॅरो चढवला तर टी पेशी दात्याच्या येतात, बी पेशी बहुधा बाळाच्याच राहतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन (बाहेरून दिलेली तयार प्रतिपिंडं) वर्षानुवर्षं द्यावं लागू शकतं. आयएल-७-आरचा दोष असता तर त्याच बी पेशी दात्याच्या टी पेशींच्या मदतीने कामाला लागल्या असत्या. म्हणजे आधी किमोथेरपी द्यायची की नाही, द्यायची तर किती, हे जनुकावर अवलंबून. दुसरा निर्णय आईच्या पुढच्या गरोदरपणाचा, त्याकडे शेवटी येतो.

अहवाल फसवतो कुठे, तेही सांगतो. गरोदरपणात आईच्या काही टी पेशी बाळात उतरतात. निरोगी बाळ त्यांना मारून टाकतं, हे बाळ मारू शकत नाही. त्या वाढल्या की सीडी३ चा आकडा बरा दिसतो. म्हणून नुसतं सीडी३ पुरत नाही, सीडी४५आरए ही खूण लावून कोऱ्या (अजून जंतूशी गाठ न पडलेल्या) टी पेशी किती ते बघायचं. तान्ह्या बाळात बहुतेक टी पेशी कोऱ्या असायला हव्यात, सगळ्या ‘अनुभवी’ निघाल्या तर संशय घ्या. रॅगचा दोष अर्धवट असेल तर मोजक्या टी पेशी बेसुमार वाढतात, अंगभर लाल पुरळ येतं, इओसिनोफिल (अॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतात आणि बाळाला त्वचेची अॅलर्जी समजून महिनोन्‌महिने मलम लावलं जातं. गॅमा साखळी पृष्ठभागावर आहे का हे सीडी१३२ लावून बघता येतं. ती दिसली नाही तर निदान जवळपास झालंच. दिसली तर मात्र जनुक सुटलं असं समजायचं नाही, कारण बिघडलेलं प्रथिनही पृष्ठभागावर येऊन बसू शकतं. अशा वेळी पेशींना इंटरल्यूकिन देऊन स्टॅट-५ वर फॉस्फेट चढतो का ते मोजतात.

नमुना द्यायच्या बाबी साध्या आहेत, पण चुका इथेच होतात. फ्लोसाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त, खोलीच्या तापमानाला, त्याच दिवशी. फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका. त्याच वेळच्या रक्ताची संपूर्ण मोजणी सोबत असावी, नाहीतर टक्क्यांवरून संख्या काढता येत नाही. जनुकासाठीचं रक्त शक्यतो रक्त चढवण्याआधी घ्यावं. चढवलेलं असेल तर तारखेसह लॅबला कळवा. एडीए तांबड्या पेशींत मोजत असतील तर चढवलेल्या रक्तानंतर तो आकडा दात्याचा असतो. आईवडिलांचे नमुने एकाच वेळी पाठवले तर निष्कर्ष लवकर लागतो. ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ असा शेरा आला तर घाबरूही नका आणि तेच निदानही समजू नका. फ्लो, स्टॅट-५ आणि घराण्याचा तक्ता यांच्याशी तो जुळतो का ते पाहावं लागतं. एक्सोममध्ये (जनुकांचे फक्त प्रथिन बनवणारे भाग वाचणारी तपासणी) काही मोठे गळालेले तुकडे आणि इंट्रॉनमधले, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या भागांतले, खोल बदल सुटतात, तेव्हा ‘काही सापडलं नाही’ म्हणजे आजार नाही असं नाही.

अहवालाची वाट बघताना करायचं ते असं. जिवंत जंतूंची कुठलीही लस नाही: तोंडावाटेचा पोलिओ नाही, रोटाव्हायरस नाही, पुढे गोवर-रुबेलाही नाही. घरातल्या इतर लहानांनाही तोंडावाटेचा पोलिओ डोस नको, इंजेक्शनचा घ्या. बीसीजी जन्मतःच दिलेली असणार. डाव्या दंडावरची जागा चिघळली आहे का, काखेत गाठ आहे का, हे डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. बीसीजी पसरली तर क्षयाची औषधं लागतात, आणि त्यात पायराझिनामाइडचा उपयोग नसतो, कारण बीसीजीचा जंतू त्याला मुळातच जुमानत नाही. रक्त लागलं तर किरणं दिलेलं, पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि सायटोमेगॅलोव्हायरस नसलेलंच घ्यायचं. नाहीतर दात्याच्या टी पेशी बाळावरच उलटतात. अंगावरचं दूध चालू ठेवायचं का, हे आईला सायटोमेगॅलोव्हायरस पूर्वी होऊन गेला आहे का यावर ठरतं. कोट्रायमॉक्साझोल (संसर्ग टाळण्यासाठीचं अँटिबायोटिक), बुरशीचं औषध आणि दर तीन-चार आठवड्यांनी किलोमागे साधारण ४०० ते ५०० मिलिग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन, हे डॉक्टर सुरू करतीलच. गुळवेल, च्यवनप्राश, ‘इम्युनिटी’च्या बाटल्या यांनी बीसीएल-२ चालू होत नाही. त्यांच्यामागे दिवस घालवू नका.

दिवसांना महत्त्व आहे. उत्तर अमेरिकेतल्या २४० बाळांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के बाळं पाच वर्षांनंतर जिवंत होती. मोठ्या बाळांतही संसर्ग झालेला नसेल किंवा आटोक्यात आलेला असेल तर निकाल चांगले होते. संसर्ग चालू असताना केलेल्या प्रत्यारोपणांत ते बरेच खाली आले. तेव्हा आधी हा न्यूमोनिया नेमका कशाचा ते शोधून तो आटोक्यात आणणं हे पहिलं काम. खर्चासाठी राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात हा आजार पहिल्या गटात आहे, मान्यताप्राप्त केंद्रातून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईत केईएम रुग्णालय असं केंद्र आहे, आणि त्याच्याच आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या आजारांच्या तपासण्या करते. अर्ज आताच टाका.

राहिली बहीण. आयएल-२-आरजीचा दोष निघाला तर तिची तपासणी हवी. ती वाहक असली तरी तिची तब्येत ठणठणीत असते, आणि त्याचं कारण बघण्यासारखं आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, कुठला ते पेशीगणिक वेगळं. वाहक आईच्या त्वचेच्या पेशी तपासल्या तर काहींत चांगला, काहींत बिघडलेला एक्स चालू सापडतो. तिच्या टी पेशींत मात्र सगळीकडे चांगलाच. बिघडलेला चालू असलेल्या पेशी वाटेतच मेल्या, चांगल्यांनी जागा भरून काढली. तुमच्या भाच्यात जे घडलं ते तिच्या शरीरात रोज घडतं, फक्त तिच्याकडे दुसरा एक्स आहे.

ती वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिच्या रक्तात बदल नाही सापडला तरी धोका पूर्ण शून्य नसतो, कारण काही वेळा तो फक्त बीजांडांत असतो. जॅक-३ निघाला तर दर खेपेला पाव शक्यता, मुलगा असो वा मुलगी. बाळातला नेमका बदल ठाऊक असेल तरच पुढच्या गर्भात ११ ते १३ आठवड्यांना वारेच्या नमुन्यातून तो शोधता येतो. लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी अशी तपासणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात बसते, पण नोंदणीकृत केंद्रातच. तपासणी नको असेल तरी जन्मताच नाळेतलं रक्त लिम्फोसाइट मोजणी आणि फ्लोसाठी पाठवा. टाचेच्या रक्ताच्या ठिपक्यातून ट्रेक मोजण्याची सोय असेल तर तीही करा. टी पेशी आपला रिसेप्टर कापून बनवताना उरलेल्या डीएनएच्या गोल कड्या म्हणजे ट्रेक, त्या नसतील तर थायमसमधून नव्या पेशी निघत नाहीयेत. हे अहवाल हातात येईपर्यंत त्या बाळाला बीसीजी द्यायची नाही, आणि तसं बाळंतपणाच्या कागदावर आधीच लिहून घ्या, कारण रुग्णालयातून घरी सोडताना ती लस नेमाने दिली जाते.